संगणक गार झाला, खोलीचे काय?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक घरांत संगणकाचा वेग वाढवण्याचे प्रयोग सुरू होतात. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गेम सफाईने चालतो, व्हिडिओचे काम लवकर उरकते. यंत्र मात्र तापते. मग जास्तीचे पंखे बसवले जातात, पाण्यावर चालणारा कूलर आणला जातो. पडद्यावरचा तापमानाचा आकडा ९० वरून ७० वर आला की मोहीम फत्ते! पण यात उष्णता नाहीशी झालेली नसते. ती डब्यातून निघून खोलीत आलेली असते.

हिशेब सोपा आहे. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर उष्णता सुमारे ३३ टक्के वाढते. पूर्ण भाराखाली चालणारा गेमिंगचा संगणक ५०० वॅट वीज सहज घेतो आणि ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत आणखी पाच माणसे येऊन बसल्यासारखेच झाले. एक टनाचा एसी सुमारे ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला सातवा हिस्सा एकट्या संगणकापायी खर्च होतो.

आपल्या भागात याला एक वेगळी बाजू आहे. चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांतले हजारो कामगार रात्रपाळी करून सकाळी घरी येतात आणि दिवसा झोपतात. घर बहुधा एक-दोन खोल्यांचे, वर स्लॅब तापलेला किंवा पत्रा. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते. दिवसा शरीराचे घड्याळ त्याच्या उलट चालत असते. त्यात खोली तापलेली असेल तर गाढ झोप तुटते. बाह्यरुग्ण विभागात असे कामगार झोपेची गोळी मागतात. माझा त्यांना पहिला प्रश्न असतो, तुम्ही झोपता त्या खोलीत दिवसभर काय काय चालू असते? अपुऱ्या झोपेने माणूस चिडचिडा होतो, रक्तदाब वाढतो आणि प्रेस किंवा लेथवर हात कुठे आहे याचे भान क्षणभर सुटते. तेवढा एक क्षण पुरतो.

प्रोसेसरला एक सोय आहे, ती आपल्याला नाही. ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला की तो आपणहून वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर संगणक बंद पडतो. शरीरही थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे अशा खुणा करते, पण आपण त्या दामटून नेतो. घामावर शरीराचा सगळा भरवसा असतो. बंद खोलीत पाण्याचा कूलर लावला की दमटपणा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. वृद्ध, तान्ही मुले, हृदयरोगी आणि लघवी जास्त होण्याची गोळी घेणारे यांना हे लवकर बाधते. असंबद्ध बोलणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची खूण आहे. अंग ओले करून वारा घालावा आणि लगेच १०८ ला फोन करावा.

पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ मध्ये बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक पाण्याने थंड ठेवला जातो. अशा ठिकाणी उष्णता इमारतीबाहेर नेण्याची सोय आराखड्यातच असते. घरी आपण फक्त पहिला अर्धा भाग करतो. वाहनांच्या या पट्ट्यात रेडिएटरचे काम कुणाला समजावून सांगायला नको. पण गाडीच्या रेडिएटरला मोकळा वारा मिळतो, संगणकाच्या रेडिएटरला आपलीच बेडरूम मिळते.

त्याच गाडीच्या सवयीने काही जण संगणकाच्या नळ्यांत गाडीचे कूलंट भरतात. अशा अनेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि मूत्रपिंडे निकामी करणारे विष आहे. लहान मुलाला दोन-तीन चमचेही घातक ठरू शकतात. पाण्याच्या बाटलीत ते कधीही ठेवू नये. कुणी प्यायले तर उलटी करवू नये, डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

ओव्हरक्लॉकिंगचा छंद वाईट नाही. त्यातून मुले बरेच काही शिकतात. पण मार्चअखेरपासून जूनपर्यंत वेग कंपनीच्या मर्यादेत आणावा, जमल्यास व्होल्टेज थोडे उतरवावे. वेगात फारसा फरक पडत नाही, उष्णता मात्र चांगलीच घटते. धूळ झाडावी. जड काम रात्री, खिडक्या उघडून करावे. दुपारी बाहेरची हवाच तापलेली असल्याने खिडकीचा उपयोग नसतो, तेव्हा उष्णता निर्माणच कमी करणे हा उपाय. घरात कुणी रात्रपाळीहून येऊन झोपले असेल, तर संगणक दुसऱ्या खोलीत न्यावा. दुसरी खोली नसेल तर तो बंद ठेवावा.

प्रोसेसरचे तापमान दाखवणारा आकडा पडद्यावर असतो. खोलीचे तापमान दाखवणारा साधा तापमापकही भिंतीवर लावा आणि संगणक किती पळवायचा, हे त्याच्याकडे पाहून ठरवा.