सतरा नंबरचा फॉर्म

संपादक मित्रा, तू कविता मागितलीस. कविता नाही देत. या खेपेला हिशेब देतो. छाप, नाहीतर फाड.

आमच्या गावच्या हायस्कूलच्या फाटकावर दरवर्षी निकाल लागला की फलक लागतो. ‘दहावीचा निकाल १०० टक्के. उज्ज्वल यशाची परंपरा कायम.’ खाली पोरापोरींचे फोटो, पासपोर्टाएवढे. वर संस्थापक शिक्षणसम्राटांचा हात जोडलेला फोटो, पोरांच्या दहापट. गाव वाचतं. आमच्या बौद्धवाड्यातली माणसंही वाचतात आणि मान डोलावतात. मी त्याच फाटकावरून पाळीला जातो. फलक दिसला की हात शिवशिवतात. कारण त्या शंभरात मी नाही. मी नव्हतो म्हणूनच ते शंभर झाले.

नववीत मला नापास केलं. साल २०१४. आईला बोलावणं आलं. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची, त्या दिवशीचा रोज बुडवून आली. चपला बाहेर काढून ऑफिसात उभी राहिली. खुर्ची होती. कुणी बसा म्हणालं नाही.

हेडमास्तर म्हणाले, “बाई, पोराला दहावी झेपायची नाही. शाळेच्या निकालावर परिणाम होतो. दाखला घेऊन जावा. सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. पाहिजे तर फॉर्म आम्हीच भरून देतो.”

आई म्हणाली, “बाहेरून म्हंजे कुठनं, सर?”

आईला खरंच कळलं नव्हतं. हेडमास्तर हसले, शिपाई हसला. मला त्या वेळी आईची लाज वाटली होती, हेही इथं लिहून ठेवतो. आज वाटतं, त्या ऑफिसात खरा सवाल तेवढाच विचारला गेला. बाहेरून म्हणजे कुठनं? गावकुसाच्या बाहेरून, देवळाच्या बाहेरून, पाणवठ्याच्या बाहेरून. एवढी बाहेरं कमी होती म्हणून आता दहावीचंही बाहेर.

त्या वर्षी दाखला घेऊन निघालेले आम्ही सहा होतो. चौघं आमच्या वाड्यातले, एक मातंग समाजातला, एक वडारवस्तीतला. पाटलाचं पोरगं माझ्याच बाकावर होतं, माझ्याइतकंच कच्चं. त्याला शिकवणी लागली. आम्हाला दाखला मिळाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बोर्डाचा खाजगी विद्यार्थ्यांचा अर्ज. शाळा सुटलेल्या कामगाराला, लग्न होऊन गेलेल्या बाईला पुन्हा परीक्षेला बसता यावं म्हणून केलेली सोय. सोय चांगली आहे. फॉर्मचा दोष नाही. पण बोर्ड निकाल लावतं तेव्हा नियमित विद्यार्थ्यांचा वेगळा काढतं, खाजगींचा वेगळा. मग शाळेच्या डोक्यात प्रकाश पडतो. कच्चं पोरगं नववीतच अडवायचं आणि सतरा नंबरातून बाहेर काढायचं. पोरगं नापास झालं तरी शाळा पास. आत येण्यासाठी केलेल्या दाराची यांनी मोरी केली.

आता आकडे बघा. २०२४ साली राज्यात दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९५.८१ टक्के. २०२५ साली ९४.१० टक्के. पेढे वाटा! पण हे टक्के कुणाचे? परीक्षेला बसलेल्यांचे. पहिलीत किती आले होते? पाचवीत किती होते? नववीत कितींना दाखला दिला? ऊसतोडीला, वीटभट्टीला, लग्नाच्या बोहल्यावर किती गेले? फलकावर त्याला जागा नाही.

बाबासाहेबांनी हिशेब उलट्या टोकाने मांडला होता. १२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा होती. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या आठ दिवस आधी. ते म्हणाले, प्राथमिक शाळेत शंभर मुलं आली तर चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरच होतात. आणि शाळेत आलेलं मूल साक्षर होऊन, जन्मभर साक्षर राहील एवढं शिकूनच बाहेर पडलं पाहिजे, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतू. नीट बघा, बाबासाहेब चौथीला बसलेल्यांची टक्केवारी काढत नाहीत. दारातून आत आलेल्या शंभरांचा हिशेब मागतात. जवळपास शंभर वर्षं होत आली. आमच्या शिक्षणखात्याला अजून हे गणित येत नाही. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म द्या.

आता कुणी म्हणेल, तू खरंच कच्चा होतास ना? होतो. नववीत मला मराठीचा धडा सलग वाचता येत नव्हता. जोडाक्षर आलं की अडायचो. मग आठवीपर्यंत पोचलो कसा?

शिक्षण हक्काचा कायदा २००९चा. लागू झाला १ एप्रिल २०१०ला. मी पाचवीत होतो. कायद्याने सांगितलं, आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला मागं ठेवायचं नाही. पण कायदा तिथंच थांबला नव्हता. प्रत्येक पोराची समज बघून मास्तरांनी त्याला जादा शिकवावं, हेही त्यात आहे. प्राथमिकला तीस पोरांमागं एक शिक्षक, हेही आहे. जनगणना, आपत्ती, निवडणूक सोडून मास्तरला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही, हेही आहे. सरकारने यातलं बिनपैशाचं तेवढं उचललं. नापास करू नका. झालं. बाकीच्याला पैसा लागतो, माणसं लागतात, इमान लागतं.

माझ्या नोंदवहीत मास्तरांनी लिहिलं होतं, ‘प्रकट वाचन स्पष्ट करतो.’ मी उभ्या वर्षात एकदाही प्रकट वाचन केलं नाही. मला उठवलंच नाही कुणी. तशा नोंदींची तयार पुस्तकं बाजारात मिळायची, मास्तर त्यातून उतरवायचे. मास्तरला एकट्याला शिव्या घालत नाही मी. खिचडीचा हिशेब त्याच्याकडं, मतदारयादी त्याच्याकडं, वर सतरा तऱ्हेची माहिती पाठवायची. पण एवढं सगळं करणाऱ्या माणसाला माझ्याजवळ येऊन दहा मिनिटं बसता आलं नाही, हे कसं विसरू? आम्हाला ढकलपास म्हणतात. कुणी ढकललं ते म्हणत नाहीत.

मी सूतगिरणीत सायडर आहे. रिंग फ्रेमवर. इचलकरंजीच्या मागांना सूत लागतं, ते आम्ही काततो. फ्रेमवर शेकडो चात्या फिरतात आणि तार तुटत राहते. तुटली की धावायचं, सांधायची. आठ तास हेच. आता ऐका. एकाच चातीवर तार परतपरत तुटायला लागली तर जॉबर काय म्हणतो? कापूस हलक्या जातीचा आहे, द्या टाकून, असं म्हणतो का? तो चाती बघतो. ट्रॅव्हलर झिजलाय का बघतो. खात्यातला दमटपणा बघतो. तुटीचा हिशेब लिहिला जातो आणि जाब आम्हाला विचारला जातो, कापसाला नाही. तुटलेल्या तारेचा कापूससुद्धा हवेने ओढून पेटीत गोळा होतो आणि परत मिक्सिंगला जातो. मालक काही संत नाही. कापसाला पैसे पडतात म्हणून. पोरांना पैसे पडत नाहीत. म्हणून पोरगं तुटलं तर पोराचीच जात बघतात.

वाचायला मी या गिरणीत शिकलो. आधी बॉबिनवरचे नंबर, मग नोटीस बोर्ड, मग विहारातल्या कपाटातली पुस्तकं. रात्रपाळी करून सकाळी एकेक पान. ज्या जोडाक्षरांनी मला नववीत पाडलं, ती महापरिनिर्वाणदिनाच्या बॅनरवर फोडली मी. पण हे कौतुकाचं नाही. माझ्यासारख्याला दाखवून ‘जिद्द असली की होतं’ म्हणणाऱ्याच्या कानाखाली वाजवावी वाटते. माझ्याबरोबरच्या बाकी पाचांनाही जिद्द होती. त्यांना कपाट सापडलं नाही.

आता नवीन तऱ्हा. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला, पाचवी-आठवीला नापास करायचं की नाही ते राज्यांवर सोडलं. २०२३ साली महाराष्ट्राने नियम बदलले. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा. नापास झाला तर फेरपरीक्षा. त्यातही गेला तर त्याच वर्गात. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांनाही हेच लावलं. पांढरपेशे खूश! चहाच्या गाड्यावर पेपर हातात आला, त्यात एका साहेबांनी लिहिलं होतं की भीती गेली म्हणून गुणवत्ता गेली, आता पोरं अभ्यासाला लागतील.

साहेब, भीती गेली कधी? मारायची भीती, हाकलायची भीती, शिष्यवृत्तीच्या यादीत सगळ्यांपुढं जात वाचून दाखवायची भीती. भीतीने वाचता आलं असतं तर आमच्या पिढ्या पंडित झाल्या असत्या. जी पोरं पाच वर्षं वर्गात बसून शिकली नाहीत, त्यांना फेरपरीक्षेआधीच्या थोड्या दिवसांत कोण काय शिकवणार? आणि त्याच वर्गात, त्याच मास्तरापुढं, तेच पुस्तक घेऊन दुसऱ्यांदा बसवून काय होणार? एवढंच होणार की मला चौदा-पंधराव्या वर्षी दाखला मिळाला, आता अकराव्या वर्षी पोरगं गुरं बघायला लागेल. पोरगी असेल तर धाकट्याला सांभाळेल. चाळण खाली सरकवली, बाकी काही नाही.

शाळेने फरक पडतो का? पडतो. असरची पाहणी बघा, गावागावांत जाऊन करतात ती. देशभरातल्या ग्रामीण भागात, सरकारी शाळेतल्या पाचवीच्या पोरांपैकी दुसरीचा धडा वाचता येणारी २०१८ साली ४४.२ टक्के होती. मधे कोरोना. शाळा बंद, फोन नाही, रेंज नाही. २०२२ साली ३८.५. मग शाळा उघडल्या, निपुण भारतातून वरनं हुकूम आला की आधी पोरांना वाचायला शिकवा. २०२४ साली ४४.८. त्याच वस्त्या, तीच घरं, तेच अडाणी आईबाप. मग मधे काय बदललं? अक्कल गेली होती आणि परत आली? शाळा गेली होती, शाळा आली. अन् तरीही निम्म्याच्या वर पोरांना पाचवीत दुसरीचं वाचता येत नाही, हा आकडा कुणाच्या गुणपत्रिकेवर लिहायचा? मध्यंतरी दहावीच्या गुणपत्रिकेवरून ‘नापास’ शब्द काढून ‘कौशल्य विकासास पात्र’ छापायला लागले. आमचा अपमान टळावा म्हणून म्हणे. पात्र! म्हणजे बारा-बारा तासांच्या पाळीला पात्र. हे मी बरोबर वाचलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. वीसच्या आत पट असलेल्या शाळा गोळा करून समूह शाळा करायची टूम २०२३ साली काढली. वाडीवरची, तांड्यावरची शाळा म्हणजे हीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम केला की किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेने गरिबांच्या पंचवीस टक्के जागा द्यायला नकोत. हायकोर्टाने जुलैत तो रद्द केला म्हणून वाचलो. सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, पोरगं आपल्या दारातून कमी कसं होईल.

आणि आम्ही राहतो कोल्हापूर जिल्ह्यात. शाहू महाराजांनी १९१७ साली इथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत आलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकत्र बसवायचा हुकूम काढला. त्या राज्यात पोरगं शाळेबाहेर असणं हा गुन्हा होता. आज त्याच राज्यातलं हायस्कूल दाखला देऊन पोरगं बाहेर घालवतं, आणि २६ जूनला महाराजांच्या फोटोला हारही घालतं.

आपल्या माणसांनाही बोलतो, राग आला तर येऊ दे. जयंतीला डॉल्बी लावायला वर्गणी जमते. शंभर टक्क्यांच्या फलकाखाली आपल्याच वाड्यातला पुढारी उभा असतो, संस्थेत भाच्याला शिपाई लावलंय म्हणून. माझ्या दाखल्याच्या दिवशी यातलं कुणी आईबरोबर आलं नाही. उलट म्हणाले, पोरगं डोक्यानं कमी, गिरणीत लावा. शत्रूने सांगितलेलं आपणच आपल्या पोरांना सांगतो.

हे सगळं आज का लिहितोय? अक्काचं पोरगं, माझा भाचा, यंदा पाचवीत आहे. परवा शाळेतून चिठ्ठी आली. पोराची तयारी नाही, पालकांनी भेटावं. अक्काने चिठ्ठी माझ्याकडं दिली, तिला वाचता येत नाही. पोराने विचारलं, “मामा, नापास झालो तर माझं दप्तर घेतील?” मी त्याच्यापुढं पुस्तक धरलं. बोट ठेवून वाचतंय. जोडाक्षराला अडतंय. मी जिथं अडायचो, अगदी तिथंच.

सोमवारी माझी दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी. अक्काला घेऊन शाळेत जाणार आहे. अक्का खुर्चीवर बसेल. मी तीन गोष्टी लेखी मागणार आहे. याला वाचायला शिकवण्यासाठी पाच वर्षांत काय केलं. उद्यापासून रोज कोण शिकवणार, किती वेळ. आणि तिसरी हायस्कूलच्या फाटकावर जाऊन मागणार आहे. फलक लावायचा तर पाचवीत किती पोरं आली, दहावीला किती बसली, सतरा नंबरात किती गेली, हे त्याच फलकावर, फोटोतल्या डोक्याएवढ्या अक्षरात लिहा. निकाल आलेल्यांचा द्या, बसलेल्यांचा नको.

दाखला घेतलेल्या सहांपैकी तिघं गावातच आहेत. त्यांना निरोप दिलाय. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर दहा वाजता फाटकापाशी या. चपला बाहेर काढायच्या नाहीत.