मालिका आपण गुंडाळता, ठपका आमच्यावर का?

प्रति,
मराठी मनोरंजन वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख



दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आपल्या टेबलावर येतात आणि एखाद्या मालिकेचे भवितव्य ठरते. ती बंद झाली की कारण ठरलेले असते: प्रेक्षकांनी पाठ फिरवली. ज्याच्या माथी हा ठपका मारला जातो, तो प्रेक्षक म्हणून मी हे पत्र लिहीत आहे. प्रेक्षक का जातो हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. म्हणून समजावून सांगत बसत नाही, सरळ विचारतो.

मालिका सुरू होताना प्रोमोतून आपण एक गोष्ट सांगण्याचा शब्द देता. पहिले काही महिने ती गोष्ट चालतेही. आकडे चढले की तिच्यात पाणी पडू लागते. अपहरण होते, स्मृती जाते, मेलेला माणूस परत येतो, मग काही वर्षांचा लीप. 'आई कुठे काय करते' ज्या बंगाली 'श्रीमोयी'वर बेतली होती, ती 2021 मध्येच संपली. मराठीतली नायिका अरुंधती मात्र 2024 च्या नोव्हेंबरपर्यंत चालत राहिली. मूळ गोष्ट संपल्यावरही तीन वर्षे ताणायचे आणि वर प्रेक्षक कंटाळला म्हणायचे, हे कोणत्या न्यायाने? 2012 साली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ऐन भरात असताना काही महिन्यांत संपवली गेली आणि लोक अजून तिचे नाव काढतात. योग्य जागी थांबणे आपल्याला जमते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे. मग आता का थांबत नाही?

दुसरी तक्रार वेळेची. हीच 'आई कुठे काय करते' 2024 च्या मार्चमध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला ढकलली गेली. घराबाहेर पडून स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या बाईची ही गोष्ट. अशी बाई दुपारी अडीच वाजता घरी टीव्हीसमोर असेल, असे आपल्याला खरोखर वाटले का? आधी वेळ काढून घ्यायची, मग आकडे घसरले म्हणून मालिकेचा निरोप जाहीर करायचा. याला प्रेक्षकांचा कौल म्हणवत नाही.

आणि तो कौल मोजतात तरी किती घरांत? सरकारनेच 2025 मध्ये सांगितल्याप्रमाणे देशात टीव्ही असलेली सुमारे 23 कोटी घरे आहेत आणि मोजणीची मीटर सुमारे 58,000. ॲपवर किंवा स्मार्ट टीव्हीवर मालिका पाहणारे त्या मोजणीत धड येतही नाहीत, हेही सरकारनेच मान्य केले. नमुना घेऊन मोजण्याला माझी हरकत नाही. पण ज्या प्रेक्षकाला 'कधीही, कुठेही पाहा' सांगत आपणच ॲपकडे वळवले, तो टीव्हीसमोर दिसत नाही म्हणून मालिकेला शिक्षा का?

आकडे हेच एकमेव कारण असते, हेही आता पटत नाही. 'बिग बॉस मराठी'चे पाचवे पर्व 2024 मध्ये घरोघरी चर्चेत होते. तरी शंभर दिवसांचा खेळ सत्तर दिवसांत आटोपला. 6 ऑक्टोबरला त्याची महाअंतिम फेरी झाली आणि त्याच दिवशी हिंदी 'बिग बॉस'चे नवे पर्व सुरू झाले. इथे तर प्रेक्षक होते. मग हे कोणी ठरवले, आणि आम्हाला त्याचे कारण का सांगितले नाही?

पैशाचेही बोलू. 2019 पासून वाहिनी निवडून तिचे दर महिन्याला पैसे भरण्याची पद्धत आली. निवड प्रेक्षकाच्या हाती आली, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात हवी ती वाहिनी नको त्या चार वाहिन्यांसोबत पॅकमध्ये बांधून येते. तासाला 12 मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत, असा नियम आहे. आपल्या प्राइम टाइमला घड्याळ लावून तो पाळला जातो का, याचे उत्तर आपणच द्यावे. उद्याचा भाग आजच पाहायचा तर ॲपचे पैसे वेगळे. एवढे देऊन आम्हाला काय मिळते? शेवटच्या आठवड्यात घाईघाईने सुधारलेला खलनायक आणि एका भागात उरकलेली चार लग्ने.

फटका एकट्या प्रेक्षकाला बसत नाही. लेखक आदल्या रात्री बदललेला ट्रॅक सकाळपर्यंत लिहून देतो. सेटवर रोजंदारीवर राबणाऱ्यांचे काम मालिकेबरोबर थांबते. चुकीच्या निर्णयाची किंमत ते मोजतात. आपल्या दालनात ती कोण मोजतो?

म्हणून तीन गोष्टी मागतो. मालिका सुरू करताना तिचे भाग किती, हे ठरवून जाहीर करा. वेळ बदलायची असेल तर महिनाभर आधी कारणासह सांगा. आणि बंद करायचीच असेल, तर गोष्ट नीट संपवण्यापुरते भाग लेखकाला द्या. यांपैकी एकही गोष्ट करायला पैसा लागत नाही. जमणार नसेल तर तसे स्पष्ट लिहून कळवा. पण 'प्रेक्षकांनी पाठ फिरवली' हे वाक्य यापुढे वापरू नका. कारण पुढच्या सोमवारी नव्या मालिकेसाठी आपण याच प्रेक्षकाकडे रोजचा अर्धा तास मागणार आहात.

आपला,
महिन्याचे पैसे वेळेवर भरणारा एक प्रेक्षक