कार्बनचा पहिला पाठ मंडईत व्हावा

आपल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कार्बन आणि त्याच्या संयुगांचे स्वतंत्र धडे नववी-दहावीत येतात. तोवर मुलांच्या मनात विज्ञानाविषयी गोडी तरी रुजलेली असते किंवा धास्ती तरी. मी इतिहासाचा शिक्षक आहे; तरीही माझे स्पष्ट मत आहे की ही ओळख सातवी-आठवीतच व्हावी आणि तिचा पहिला पाठ पुण्याच्या महात्मा फुले मंडईत व्हावा.

मंडईत लिंबाच्या आंबटपणामागे सायट्रिक आम्ल आहे, चिंचेच्या आंबटपणामागे टार्टारिक आम्ल. मिरची तिखट लागते ती कॅप्सायसिनमुळे आणि हळद पिवळी दिसते ती कुर्क्युमिनमुळे. पिकलेल्या केळ्यांजवळ ठेवलेली कच्ची केळी लवकर पिकतात, कारण पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते. ही सारी कार्बनचीच संयुगे. कार्बनची संयुजा चार. त्याचे अणू एकमेकांना धरून साखळ्या आणि वलये तयार करतात, म्हणून ही विविधता. मातीचे गोळे आणि काड्या हाती दिल्या, तर बारा वर्षांच्या मुलालाही हे उमगते. रेणूंची अवघड नावे पाठ करणे नंतरही होऊ शकते.

तेथेच एक गोंधळही दूर करता येईल. ‘सेंद्रिय भाजी’ म्हणजे रासायनिक खताविना पिकवलेली भाजी. परंतु सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे कार्बनी संयुगांचे शास्त्र. त्या अर्थाने ज्याला आपण ‘रासायनिक खत’ म्हणतो तो युरिआही सेंद्रिय संयुगच आहे.

या युरिआचा इतिहास आपल्या समाजाने अवश्य जाणून घ्यावा. सजीवांच्या शरीरातील पदार्थ केवळ एका गूढ चैतन्यशक्तीमुळेच निर्माण होतात, अशी युरोपातील अनेक विद्वानांची समजूत होती. 1828 साली फ्रेडरिक व्होलर यांनी मूत्रात आढळणारा युरिआ प्रयोगशाळेत, अमोनिअम सायनेट या क्षारापासून तयार केला. ती समजूत एका दिवसात मावळली नाही. पण तिला तडा गेला.

त्यानंतर 99 वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी सनातन्यांनी त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या घागरी ओतल्या. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि मूत्राने ते पवित्र होते, असे मानणाऱ्या मनाला रसायनशास्त्राचे उत्तर सरळ आहे: दुधातला कार्बन आणि शेणातला कार्बन एकच. कोणत्याही अणूला जात नसते. हे तेराव्या वर्षी समजलेले मूल पुढे कोणत्याही शुद्धाशुद्धतेपुढे मान झुकवणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांनी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडी कमावली. त्यातील टॅनिन कातड्यातील प्रथिनाशी बांधले जाते, म्हणून कातडे कुजत नाही. हे सेंद्रिय रसायनशास्त्रच होते. पण ते करणाऱ्यांच्या वाट्याला मान आला नाही, आली ती गावकुसाबाहेरची वस्ती. वर्गात हे सांगितले गेले, तर आपल्या मुलांना विज्ञान परके वाटणार नाही.

मंडईची इमारतही एक धडा आहे. 1886 साली ती रे मार्केट म्हणून सुरू झाली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी तिच्यावरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा, अशी त्यांची भूमिका होती. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची आणि त्यात शेती व आरोग्याच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश करण्याची मागणी केली. शिक्षण जगण्याशी जोडलेले असावे, हाच तिचा अर्थ. आज त्याच इमारतीला त्यांचे नाव आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला हे तपासण्याचे साधन आपण दिले पाहिजे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे: आपल्यापैकी जे औषधनिर्मिती, रंग, खते किंवा प्रयोगशाळांच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस सातवी-आठवीच्या मुलांसोबत मंडईत घालवावा. देणगीइतकेच मोल त्या एका दिवसाला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!