विश्लेषण : पवनचक्की बंद पडल्यावर दुरुस्त करावी की आधीच?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर पावसाळ्यात जोरदार वारा असतो. अशा दिवसांत एखादी पवनचक्की बंद पडली, तर मालकाचे नुकसान दुरुस्तीच्या बिलापुरते राहत नाही. वारा साठवता येत नाही. वाया गेलेला दिवस परत मिळत नाही.

देखभालीचे पर्याय कोणते?

मुख्य पर्याय तीन. पहिला, बिघाड झाल्यावर दुरुस्ती. दुसरा, ठरलेल्या वेळी बोल्ट आवळणे, ग्रीस भरणे, तेल-फिल्टर बदलणे. तिसरा, यंत्राच्या ‘तब्येती’वर नजर ठेवून गरजेपुरते काम. यात सेन्सर कंपने आणि तापमान मोजतात. तेलात धातूचे कण वाढले आहेत का, हेही तपासले जाते.

सर्वांत स्वस्त कोणता?

प्रत्येक भागाचे उत्तर वेगळे. फ्यूज बिघडल्यावर बदलला तरी चालतो. गिअरबॉक्सचे तसे नाही. झीज लवकर कळली, तर काही बेअरिंग मनोऱ्यावरच बदलता येतात. दुर्लक्ष झाले, तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी मोठी क्रेन घाटरस्त्याने वर न्यावी लागते. जोराच्या वाऱ्यात क्रेनचे कामही थांबते.

वेळेला इतके महत्त्व का?

महाराष्ट्रात वाऱ्याचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर. समजा, २ मेगावॉटची पवनचक्की १० दिवस बंद राहिली. जुलैत ती सरासरी ५० टक्के क्षमतेने चालली असती असे धरले, तर २ लाख ४० हजार युनिट बुडतात. जानेवारीत १५ टक्के धरले, तर ७२ हजार. युनिटला ३ रुपये दराने हे नुकसान अनुक्रमे ७ लाख २० हजार आणि २ लाख १६ हजार रुपये. बिघाड तोच, फटका तिपटीहून जास्त. म्हणूनच मोठी कामे मेअखेर उरकणे फायद्याचे.

जुन्या पवनचक्क्यांचे काय?

पवनचक्कीचे आयुष्य साधारण २० वर्षे धरले जाते. काहीशे किलोवॉटच्या जुन्या यंत्राची कमाई कमी, त्यामुळे महागडे सेन्सर परवडतीलच असे नाही. पावसाळ्यापूर्वी तेलाची चाचणी आणि कंपनांची तपासणी हा तिथे स्वस्त मार्ग. केंद्राच्या २०२३ च्या धोरणात अशा यंत्रांचे आयुष्य वाढवणे किंवा त्यांच्या जागी नवी, मोठी यंत्रे बसवणे, असे दोन्ही पर्याय आहेत. दुरुस्तीचा खर्च दरवर्षी कमाई खात असेल, तर दुसरा पर्याय तपासायलाच हवा.