घरांतील पुस्तकें : शिफारस कोणाची, वाचन कोणाचें?

गेल्या अंकांत या सदरांतून आम्हीं आमच्या वाचकांस दोन साधे प्रश्न विचारले होते. घरांतील मुलांच्या हातीं आपण कोणतें पुस्तक आवर्जून द्याल, हा पहिला. आणि घरांतील मोठ्या मंडळींनीं कोणतें पुस्तक वाचावें असें आपणांस वाटतें, हा दुसरा. सोबत एक अटहि घातली होती. ज्या पुस्तकाचें नांव कळवावयाचें, तें आपण स्वतः निदान दोनदां वाचलेलें असावें. वाचकांनीं मोठ्या आपुलकीनें उत्तरें धाडलीं, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. सर्व पत्रें छापणें स्थलाभावीं शक्य नाहीं. म्हणून निवडक पत्रांचा सारांश, आणि त्यांवरून आम्हांस जें सुचलें तें, येथें देत आहों.

पत्रें चाळतांना एक गोष्ट प्रथमच नजरेंत भरली. पहिल्या प्रश्नाचीं उत्तरें लांबलचक आहेत, दुसऱ्याचीं अगदीं आखूड. मुलांसाठीं दहा-दहा, पंधरा-पंधरा पुस्तकांच्या याद्या. मोठ्यांसाठीं मात्र "सवड मिळाल्यास ज्ञानेश्वरी" एवढ्यावरच बहुतेकांची लेखणी थांबलेली. ज्ञानेश्वरीचा अधिकार आम्हीं सांगावयास नको. पण ती सवड या पत्रलेखकांस गेल्या वर्षांत किती दिवस मिळाली, हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील एका निवृत्त शिक्षकांचें पत्र या दृष्टीनें फार बोलकें आहे. वळणदार अक्षरांत त्यांनीं नातवंडांसाठीं बारा पुस्तकांची यादी दिली आहे आणि शेवटीं खेदानें लिहिलें आहे कीं, अलीकडे मुलें वाचीतच नाहींत. त्याखालीं निराळ्या शाईनें त्यांच्या सातवींतील नातीनें चार ओळी जोडल्या आहेत : "आजोबांनीं यादी केली आहे, पण यांतलें एकहि पुस्तक आमच्या घरांत नाहीं. मला फास्टर फेणे आवडतो. तो मी मैत्रिणीकडून आणून वाचला." या ओळी न खोडतां आजोबांनीं पत्र तसेंच टपालांत टाकलें, याबद्दल आम्ही त्यांचें मनापासून कौतुक करतों. नातीची निवडहि कांहीं हलकी नव्हे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश १९७० च्या दशकापासून मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्यांस आपल्या सायकलीच्या मागें पळवीत आहे. ज्यूल व्हर्नच्या साहसकथा मराठी मुलांच्या हातीं देणारे ते हेच भागवत. यादींतील बारा पुस्तकें उत्तमच आहेत. परंतु जें पुस्तक घरीं नाहीं आणि ज्यांत घरांतील कोणी रमलेलें मुलानें पाहिलें नाहीं, त्याची शिफारस ही शिफारस नसून आज्ञा होते. आज्ञेनें पाढे पाठ होतील, वाचनाची गोडी लागणार नाहीं.

सर्वाधिक पत्रांत नांव आलें तें 'श्यामची आई' या पुस्तकाचें, आणि सर्वाधिक वादहि त्याच्यावरच. नागपूरच्या एक भगिनी लिहितात कीं, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा हें पुस्तक वाचून दोन रात्री झोपला नाहीं. इतकें दुःख कोंवळ्या वयांत कशाला? उलट ठाण्याचे एक गृहस्थ म्हणतात कीं, आम्ही सर्व भावंडें या पुस्तकावर रडूनच मोठीं झालों. आमच्या मतें दोघांचेंहि खरें आहे, आणि दोघांच्याहि हातून एक गोष्ट निसटली आहे. साने गुरुजींनीं हें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्याची रचना पाहा. त्याला प्रकरणें नाहींत, रात्री आहेत, आणि त्या बेचाळीस आहेत. श्याम आपल्या सोबत्यांस एका रात्रीं एक आठवण सांगतो आणि थांबतो. म्हणजे हें पुस्तक मुळांतच सांगण्याचें व ऐकण्याचें आहे. तें मुलाच्या हातीं देऊन आपण शेजारच्या खोलींत निघून जाणें म्हणजे त्यास त्या दुःखाबरोबर एकटें सोडणें होय. आईनें किंवा आजीनें रोज रात्रीं एकच आठवण वाचावी, डोळे भरून आले तर भरूं द्यावे, आणि मग मुलाच्या अंगावर पांघरूण घालावें. मग नऊ वर्षांच्या मुलासहि तें दुःख पेलतें.

आणखी एक विनंति. श्यामची काठी करूं नये. "पाहा तो श्याम कसा होता, आणि तूं!" हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जातें, त्या घरांत तें पुस्तक पुन्हां उघडलें जाणार नाहीं. वस्तुतः श्याम हा गुणांचा पुतळा नाहीं. पोहण्याच्या भीतीनें तो माळ्यावर लपून बसतो आणि आईच्या हातचा मार खातो. मुलांस तो आवडतो तो याच कारणानें. आणि अळणी भाजीची आठवण तर आम्ही मुलांपेक्षां मोठ्यांनींच वाचावी असें म्हणूं. भाजींत मीठ घालावयाचें राहून गेलें असतां ती मुकाट्यानें खाऊन उठणारे वडील आज किती घरांत सांपडतील, हें ज्याचें त्यानें पानावर बसतांना ठरवावें.

मोठ्यांच्या पुस्तकांविषयीं आलेल्या थोड्या पत्रांपैकीं एक आम्हांस विशेष मोलाचें वाटलें. तें रत्नागिरीकडच्या एका मोठ्या कुटुंबांतील, आतां स्वतः आजी झालेल्या सूनबाईंचें आहे. त्या लिहितात कीं, लग्न होऊन त्या घरांत आल्या तेव्हां लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें' या पुस्तकाचें नांवहि तेथें काढीत नसत. कारण उघड होतें. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला व लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. मामंजींचें म्हणणें असें कीं, ज्यांनीं घर सोडलें त्यांच्या गोष्टी घरांत नकोत. सूनबाईंनीं तें पुस्तक माहेरीं वाचलें होतें व त्यांस तें फार आवडत असे. पण बोलण्याची सोय नव्हती. पुढें मामंजी वारले. त्यांची पेटी आवरतांना तळाशीं वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळलेलें एक पुस्तक निघालें. तें 'स्मृतिचित्रें' होतें, आणि समासांत जागोजाग मामंजींच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. लक्ष्मीबाईंनीं आपल्या वडिलांच्या सोंवळ्याचें जें वर्णन केलें आहे, त्या पानांवर तर खुणांची दाटी झाली होती. बाई लिहितात, "सोंवळ्यापायीं आमच्या सासूबाईंनीं जन्मभर काय सोसलें, तें मामंजींस कळत होतें, हें मला त्या दिवशीं समजलें. तें कधीं त्यांच्या तोंडून निघालें असतें, तर सासूबाईंस केवढें बरें वाटलें असतें!"

या पत्रावर आम्हीं अधिक काय लिहावें? १९३४ सालीं ज्याचा पहिला भाग प्रसिद्ध झाला, तें हें पुस्तक एका अशा बाईनें लिहिलें कीं जिला शाळेचें शिक्षण लाभलें नव्हतें. त्यांत कोणावर राग नाहीं, स्वतःची कींव नाहीं. हंसूं मात्र पानोपानीं आहे. धर्मांतराचा प्रश्न ज्यास जसा वाटेल तसा वाटो; पण एका ब्राह्मण घराचें अंतरंग इतक्या निर्मळ डोळ्यांनीं पाहिलेलें दुसरीकडे क्वचित् आढळेल. त्या आजीबाईंच्या घरीं आतां तेंच खुणांचें पुस्तक दर चातुर्मासांत माजघरांत मोठ्यानें वाचलें जातें. मामंजींनीं जें पेटीच्या तळाशीं एकट्यानें वाचलें, तें आतां तीन पिढ्या एकत्र बसून ऐकतात. शिफारस करावयाची तर ती अशी.

हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचें नांवहि दोन पत्रांत आलें आहे. पुण्याच्या एका आईनें ती आपल्या सोळा वर्षांच्या मुलीस दिली. यमूचें वपन करवितात तेथपर्यंत आल्यावर मुलीनें पुस्तक मिटलें आणि पणजीच्या फोटोकडे पाहून विचारलें, "हिचेंहि असेंच झालें होतें का?" पणजी लाल आलवणांतल्या होत्या, प्रश्नाचें उत्तर फोटोंतच होतें. आईस त्या दिवशीं घरांत आजवर न बोललेली हकीकत सांगावी लागली. ही कादंबरी १८९० नंतरच्या वर्षांत क्रमशः प्रसिद्ध झाली, तेव्हां ती चालू काळाची कथा होती. आज ती आपल्या घराण्यांची वही आहे. ती मुलींनीं वाचावी हें तर खरेंच. पण मुलग्यांच्या हातींहि ती अवश्य द्यावी.

सर्वच वाचन इतकें गंभीर असावें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कोल्हापूरचे एक वाचक लिहितात कीं, त्यांचे वडील सहा महिने अंथरुणास खिळून होते. औषधाच्या वेळा सांभाळण्यापलीकडे बापलेकांत बोलणें असें उरलें नव्हतें. एके सायंकाळीं मुलानें सहज चिं. वि. जोशी यांचा चिमणराव वाचावयास घेतला. गुंड्याभाऊचें नांव येतांच वडिलांनीं पुढचा प्रसंग स्वतःच सांगावयास सुरुवात केली. बडोद्यास पाली भाषेचे प्राध्यापक असलेल्या चिं. वि. जोश्यांनीं ही जोडी निर्माण केली, तिला आतां कित्येक दशकें लोटलीं. पण आजारी माणसास हंसविण्याचा तिचा गुण कमी झालेला नाहीं. चिमणराव संपल्यावर त्या घरांत पु. ल. देशपांड्यांचें 'व्यक्ति आणि वल्ली' निघालें. त्यांतील 'अंतु बर्वा' वाचून होईपर्यंत वडील होते. "शेवटचे दोन महिने आम्ही एकमेकांशीं पुस्तकांतून बोललों," असें मुलानें लिहिलें आहे.

एका आजीबाईंची नात परदेशीं आहे. तिला मराठी कळतें, वाचतां येत नाहीं. आजी दर रविवारीं मोबाइलवर तिला समोर घेऊन ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' वाचून दाखवितात. चार-सहा महिन्यांनीं नात म्हणाली, "आजी, पान जरा माझ्याकडे धर, मला बघूं दे." आतां ती एकेक शब्द लावूं लागली आहे. कानांनीं आधीं चाखावें आणि मग डोळ्यांनीं मागावें, हीच वाचनाची जुनी वाट आहे. आपल्या आज्या-पणज्यांपैकीं कित्येकींस अक्षरओळख नव्हती. पण श्रीधराचा 'हरिविजय' व 'रामविजय' त्यांस ऐकून ऐकून मुखोद्गत होता.

कांहीं वाचकांनीं 'चांदोबा' लावावा असें सुचविलें आहे. १९५२ सालीं मराठींत सुरू झालेला तो चांदोबा आतां बंद पडला आहे. घरोघरीं जुने अंक असतील तर ते रद्दींत घालूं नयेत. बालभारतीचा 'किशोर' मात्र १९७१ पासून चालू आहे, आणि तो अवश्य घ्यावा.

या सर्व पत्रांवरून आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे. मुलांस कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न दुसरा आहे. घरांत कोणतें पुस्तक कोणी मोठ्यानें वाचीत आहे, हा पहिला. लहानांचीं आणि मोठ्यांचीं पुस्तकें अशी जी वांटणी आम्हीं गेल्या अंकांत केली होती, तीच चुकीची होती, असें आतां वाटूं लागलें आहे. वर आलेल्या पुस्तकांपैकीं एकहि असें नाहीं कीं जें आजोबा व नातू यांनीं शेजारीं बसून ऐकूं नये. सोळा वर्षांखालील मुलांपुरता हरिभाऊंचा अपवाद करावा.

आम्ही स्वतः या दोषांतून मुक्त आहों असें नाहीं. आमच्या घरीं कांचेच्या दारांचें एक सुंदर कपाट आहे व त्यास कुलूप आहे. पुस्तकें फाटूं नयेत म्हणून किल्ली आमच्या टेबलाच्या खणांत असते. हीं पत्रें वाचून झाल्यावर आम्हीं त्या कपाटाकडे पाहिलें. आंतील एकहि पुस्तक फाटलेलें नाहीं, याचें प्रथमच वाईट वाटलें. किल्ली आतां कपाटासच लावून ठेविली आहे.

पुढील अंकासाठीं वाचकांस नवा प्रश्न विचारीत नाहीं. एकच करावें. या महिन्यांत कोणतेंहि एक पुस्तक निवडून रात्रींच्या जेवणानंतर रोज पंधरा मिनिटें घरांतील सर्वांदेखत मोठ्यानें वाचावें, आणि महिनाअखेर काय झालें तें आम्हांस कळवावें. पुस्तक पुरें झालें नाहीं तरी चालेल. कोण कोण उठून गेलें आणि कोण परत येऊन बसलें, तेंहि लिहावें. सातवींतल्या त्या मुलीच्या पत्राची आम्ही विशेष वाट पाहूं. आजोबांनीं फास्टर फेणे वाचावयास घेतला किंवा नाहीं, हें आम्हांस तिच्याच अक्षरांत हवें आहे.