दुबईतला फ्लॅट आणि रामनगरातलं घर

ते रील तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल. मागे काचेची उंच इमारत, पुढे गॉगलवाला पोरगा, आणि बोलणं एकच: दुबईत स्टुडिओ फ्लॅट घ्या, वर्षाला सात टक्के भाडं, टॅक्स झिरो! गोंदियात हे सगळे नुसता टाइमपास म्हणून बघतात असं समजू नका. ज्यांची राईस मिल बरी चालते, ज्यांचा भाऊ आखातात नोकरीला आहे, ज्यांची जमीन नागपूर-गोंदिया द्रुतगती महामार्गात जाणार आणि मोबदल्याचं काय करायचं हा प्रश्न आहे, अशा घरांत हा विषय जेवताना निघतो. मग फोन तुमच्या हातात येतो. "तू कॉलेजात शिकतोस ना, बघ बरं हे खरं आहे का."

तर बघूच. वही घ्या.

समजा फ्लॅट ४५० चौरस फुटांचा, किंमत ७ लाख दिरहम, भाडं वर्षाला ५० हजार दिरहम. झाले की सात टक्के! हिशेब सोपा व्हावा म्हणून दिरहमचा भाव २४ रुपये धरू. म्हणजे किंमत १ कोटी ६८ लाख, भाडं १२ लाख. रीलवाला इथेच थांबतो. त्याचं कमिशन इथपर्यंतच असतं.

आधी खरेदीच बघा. दुबईच्या जमीन विभागाची नोंदणी फी ४ टक्के आणि एजंटचे २ टक्के मिळवले की आकडा १ कोटी ७८ लाखांवर जातो. पैसा भारतातून पाठवायचा तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. त्यात हे बसतं. पण वर्षभरात १० लाखांच्या वर जेवढं पाठवाल, त्यावर बँक २० टक्के टीसीएस कापून घेते. आपल्या उदाहरणात ही रक्कम ३३ लाख ६० हजार होते. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकतो, आणि तो सुरुवातीला उभा करावा लागतो हे घरात कुणी धरलेलंच नसतं.

आता दरवर्षीचा खर्च. लिफ्ट, सुरक्षारक्षक, पोहण्याचा तलाव, लॉबी या सगळ्यासाठी मालकाला सर्व्हिस चार्ज भरावा लागतो. तो चौरस फुटावर असतो, इमारतीगणिक वेगळा. १५ दिरहम धरला तर ६,७५० झाले. भाडेकरू राहो न राहो, हा भरायचाच. तुम्ही गोंदियात, फ्लॅट तिथे, म्हणजे चावी सांभाळायला, भाडेकरू शोधायला, नळ गळला तर माणूस पाठवायला कुणी तरी हवं. ती कंपनी भाड्याच्या ७ टक्के घेते असं धरू, ३,५०० गेले. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत महिनाभर घर रिकामं राहिलं तर ४,१६७ गेले. एसी, रंग, किरकोळ दुरुस्ती २,०००. एकूण १६,४१७ दिरहम. ५० हजारांतले उरले ३३,५८३, म्हणजे साधारण ८ लाख ६ हजार रुपये.

आणि 'टॅक्स झिरो'? तिथे झिरो, हे खरं. पण माणूस भारताचा रहिवासी असेल तर जगात कुठेही मिळालेलं भाडं भारतात करपात्र असतं. मिळालेल्या ११ लाखांतून ३० टक्के ठोक वजावट मिळते, तुमचा खरा खर्च त्याहून जास्त असो की कमी. सर्व्हिस चार्ज वेगळा दाखवता येत नाही. उरलेल्या ७ लाख ७० हजारांवर, मालक ३० टक्क्यांच्या स्लॅबमधला असेल तर, सेससकट २ लाख ४० हजार टॅक्स. हातात आले ५ लाख ६६ हजार. १ कोटी ७८ लाखांवर हे ३.२ टक्के होतात. त्याच मालकाने तेवढा पैसा बँकेत एफडी केला तर टॅक्स जाऊनही यापेक्षा जास्त हातात पडेल. दुसरी कमाई फारशी नसलेल्या शेतकऱ्याला नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कदाचित काहीच टॅक्स लागणार नाही. तरी त्याचेही साडेचार टक्केच होतात, रीलमधले सात नाहीत.

दुबईची बाजूही मांडायला हवी. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. २०१५ मध्ये तो साधारण साडेसतरा रुपयांना होता, म्हणजे रुपया घसरला तेवढा फायदा मालकाला आपोआप झाला. फ्लॅटची किंमतही वाढू शकते. पण २०१४ नंतर पुढची पाच-सहा वर्षं दुबईत घरांच्या किमती उतरत होत्या, हे रीलमध्ये सांगत नाहीत. आणि बहिणीच्या लग्नाला पैसा लागला म्हणून उद्या रिकामा फ्लॅट विकू म्हटलं, तर विक्रीसाठी भाडेकरूला काढायला तिथे १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

एक गोष्ट मात्र घरात ठणकावून सांगा. परदेशातलं घर रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावंच लागतं, भाडं आलं नसलं तरी. नाही दाखवलं तर काळा पैसा कायदा, २०१५ खाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण घर-जमीन त्या सुटीत नाही. भाडं जमा होतं दुबईच्या बँकेत, आणि तिथल्या खात्यांची माहिती देशादेशांतल्या करारानुसार आपल्या आयकर खात्याकडे येते. २०२४ च्या नोव्हेंबरात खात्याने अशा लोकांना एसएमएस आणि ईमेल पाठवून आठवणही करून दिली होती. "दुबईत कोण बघतो" हे आता चालत नाही.

दुबई बाजूला ठेवू. तुमच्यातले कितीतरी जण म्हणतील, आमच्याकडे पावणेदोन कोटी कुठले? बरोबर. पण हाच हिशेब उलट बाजूने तुमच्या दारात आला असू शकतो. तुम्ही आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून गोंदियाला शिकायला आलात, चौघांनी मिळून रामनगरात नाही तर कुडव्याकडे घर भाड्याने घेतलं, आणि मालक टोरंटो किंवा मस्कतला. त्याच्यासाठी परदेशातलं घर म्हणजे हेच. त्याच्या मागेही तीच रड आहे: नगर परिषदेचा मालमत्ता कर, घर रिकामं असलं तरी महावितरणचा स्थिर आकार, पावसाळ्यात गळणारा स्लॅब, दारांना लागलेली वाळवी. सर्व्हिस चार्जच्या जागी इथे काका असतात. मोटार जळली की तेच मिस्त्री घेऊन येतात आणि भाडंही त्यांच्याच हातात द्यायचं असतं, रोख.

इथे तुमचा संबंध येतो. मालक इथलाच असता तर महिन्याला ५० हजारांपर्यंतच्या भाड्यावर तुम्हाला काहीही कापायचं नसतं. पण मालक अनिवासी असेल तर किमान मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस भाडेकरूने कापून सरकारकडे भरायचा असतो. भाडं ९,००० असेल तर २,८०८ सरकारला आणि ६,१९२ मालकाला. त्यासाठी टॅन नंबर काढा, तिमाही विवरण भरा. जुन्या आयकर कायद्यात हे कलम १९५ होतं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात नंबर बदलला, जबाबदारी तीच राहिली. नाही कापलं तर चूक करणारा म्हणून मालकाच्या आधी भाडेकरूचं नाव लागतं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या पोराने टॅन काढायचा? मला हा नियम अशा भाडेकरूंसाठी अन्यायाचा वाटतो. इतर देशांतही सरकार दूरच्या मालकाऐवजी जवळच्या भाडेकरूचाच हात धरतं. ब्रिटनमध्ये एजंट नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांच्या वर असेल, तर भाडेकरूने २० टक्के कापायचे असतात. कॅनडात हा दर २५ टक्के आहे. मॉन्ट्रियलच्या एका भाडेकरूने ते कापले नाहीत, तेव्हा २०२३ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने जबाबदारी भाडेकरूवरच टाकली. तो भाडेकरू कंपनी होती. निकालावर ओरड झाल्यावर सरकारला सांगावं लागलं की साध्या भाडेकरूंकडून वसुली करण्याचा बेत नाही. आपल्याकडे असं अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग करायचं काय? घर घेतानाच काकांना विचारा, घर कुणाच्या नावावर आहे आणि तो माणूस राहतो कुठे. काकांच्या स्वतःच्या नावावर असेल तर प्रश्नच मिटला. मालक बाहेर असेल तर त्याला सांगा की आयकर खात्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र काढा. भारतात त्याची दुसरी कमाई नसेल तर दर बराच खाली येऊ शकतो. आणि लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. डिपॉझिट परत द्यायच्या वेळी काका "मले काय माहीत, पोराले विचारा" म्हणाले, तर हे त्यांना शांतपणे वाचून दाखवा.