वकीलपत्र नाकारण्याचे ठराव नकोत

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
जळगाव आणि धुळे येथील जिल्हा वकील संघ

सन्माननीय वकील मंडळी,


१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा रविवारचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ‘मुले पळवणारी टोळी’ ठरवून जमावाने पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठार मारले. आरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेचा, निकाल जमावाचा. त्या पाच जणांची बाजू मांडणारा तिथे कोणी नव्हता.

पुढे मोबाइलमधल्या चित्रफिती पाहून धरपकड झाली. काठी कोणाच्या हातात होती, मारू नका म्हणून कोण मध्ये पडला, कोण नुसता बाजाराला आला होता, हे अशा खटल्यात एकेक चेहरा पाहून तपासावे लागते. सरकार पक्षाच्या पुराव्याला हे प्रश्न आरोपीचा वकीलच विचारतो. तरीही ‘असल्यांचे वकीलपत्र घेववतेच कसे?’ असे लोक त्यालाच खडसावतात.

अशील दोषी आहे का, हे वकिलाला ठाऊक असायला हवे का? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांचे उत्तर स्पष्ट आहे. आरोपीच्या अपराधाबद्दल स्वतःचे मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करावा. पुरेशा पुराव्यावाचून कोणाला शिक्षा होऊ नये, या कायद्याशी त्याची निष्ठा असते.

आणि अशिलाने खासगीत कबुलीच दिली तर? झालेल्या गुन्ह्याची ती कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार गोपनीय राहते. वकील उलटतपासणी घेऊ शकतो, पंचनाम्यातल्या त्रुटी दाखवू शकतो. खोटा साक्षीदार मात्र त्याने उभा करायचा नाही.

ठाम खात्री किती फसवी असते, ते शेजारच्या नाशिकने पाहिले. २००३ च्या एका हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि ही बाब खटल्यात दडवली गेली होती.

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबचा खटलाही आठवावा. मुंबईतल्या वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. तरी न्यायालयाने त्याला वकील दिला. जळगावचे उज्ज्वल निकम सरकारतर्फे लढले. अटकेपासून वकील मिळाला नाही, हा कसाबतर्फे घेतलेला आक्षेप २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. कारण खटल्यात त्याला वकील मिळालेला होता. उलट, वकिलाविना चाललेला खटला अपिलात कोसळला, तर पीडितांच्या घरच्यांना पुन्हा पहिल्या तारखेपासून कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

६ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे बहिष्काराचे ठराव बेकायदा ठरवले.

तेव्हा आपल्याकडे दोन मागण्या आहेत. ‘अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घेणार नाही’ असा ठराव आम्ही करणार नाही, हे दोन्ही संघांनी सर्वसाधारण सभेत लेखी मंजूर करावे. आणि लोकक्षोभाच्या खटल्यात जो वकील विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतून उभा राहील, त्याच्या घरावर दगड आला, तर संघाने त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांकडे त्याच्यासाठी संरक्षण मागावे.

कळावे,
खान्देशातील एक नागरिक